उन्हानं रंगाचं पाणी साफ होतं का?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक बातमी येते. कुठल्या तरी विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्राफीन (कार्बनचाच एक प्रकार) घातलेली एक पावडर बनवली, ती रंगाच्या पाण्यात मिसळली, भांडं उजेडात ठेवलं आणि तासाभरात ९५ टक्के रंग गेला. सोबत दोन काचेच्या भांड्यांचा फोटो, एकात गडद निळं पाणी आणि दुसऱ्यात बिनरंगी.

सोलापुरात ही बातमी वाचणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आपल्या डाय हाऊसमध्ये, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्यात, ते का दिसत नाही? चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं हे गाव. इथे ऊन फुकट आहे, पाणी काही दिवसांआड येतं आणि रंगाचं सांडपाणी रोज निघतं. असं तंत्र सगळ्यात आधी इथेच यायला हवं होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: खरं आहे. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे आणि ते नीट समजायचं तर आधी रंगाचं पाणी इतकं चिवट का असतं ते बघावं लागेल.

### रंग सुतावर बसतो, मग पाण्यात येतो कुठून?

सुती सूत रंगवायला आज सगळ्यात जास्त वापरतात ते रिअॅक्टिव्ह रंग. त्यांचा रेणू सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध करतो, म्हणून रंग पक्का बसतो. पण या रेणूला सुताइतकंच पाणीही चालतं. टाकीत कॉस्टिक सोडा किंवा धुण्याचा सोडा पडला की काही रेणू सुताला धरतात आणि काही पाण्याशीच जुळून मोकळे होतात. एकदा पाण्याशी जुळलेला रेणू परत सुताला धरत नाही. लडी कितीही वेळ बुडवून ठेवा, तो पाण्यातच राहणार आणि धुण्याबरोबर गटारात जाणार. रंग कोणता, छटा किती गडद आणि पद्धत कोणती यावर अवलंबून असा १० ते ५० टक्के रंग वाया जातो. व्हॅट रंगांचं तसं नाही. ते मुळात पाण्यात न विरघळणारे असतात, हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि कॉस्टिकच्या जोरावर तेवढ्यापुरते विरघळतात आणि हवा लागली की पुन्हा घट्ट होतात. म्हणून त्यांचं पाणी दिसायला भयंकर असलं तरी गाळायला सोपं.

भरीला मीठ. रिअॅक्टिव्ह रंग सुताकडे ढकलायला गडद छटेसाठी एका लिटरला ५० ते १०० ग्रॅम मीठ घालतात. म्हणजे डाय हाऊसमधून जे बाहेर पडतं ते खारट, अल्कलीयुक्त, कोमट आणि रंगीत पाणी असतं. पहिल्या टाकीतलं पाणी सर्वांत वाईट आणि शेवटच्या धुण्याचं बरंच फिकं. हे वर्णन लक्षात ठेवा, पुढे बातमीतल्या भांड्याशी ते ताडून बघायचं आहे.

### ईटीपी असताना अडचण काय?

ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा. तिथे तुरटी किंवा फेरस सल्फेट आणि चुना टाकून रंग खाली बसवता येतो. त्यातून पाणी बरंच निवळतं, पण रंगीत गाळ हातात येतो आणि तो घातक कचरा म्हणून वेगळा हाताळावा लागतो. कोळशातून पाणी गाळलं तर रंग कोळशात जातो. दोन्हीकडे रंग संपत नाही, पाण्यातून उचलून दुसरीकडे ठेवला जातो एवढंच.

राहिले जिवाणू. जैविक प्रक्रिया स्वस्त आहे आणि स्टार्च, साबण असला माल जिवाणू आनंदानं खातात. पण कापडाचा रंग हा ऊन, घाम, साबण, ब्लीच सगळं सोसूनही टिकावा म्हणूनच बनवलेला असतो. जो रेणू शंभर धुण्यांत हलत नाही तो हवेच्या टाकीतल्या जिवाणूंनी एका दिवसात मोडावा ही अपेक्षाच जरा जास्त. हवा नसलेल्या टाकीत अझो रंग (नायट्रोजनच्या जोडीवर ज्यांचा रंग टिकतो ते) फुटतात, पण फुटून ॲरोमॅटिक अमाइन नावाची संयुगं तयार होतात आणि त्यातली काही कर्करोगकारक आहेत. अशी अमाइन सोडणाऱ्या अनेक अझो रंगांवर भारतानं १९९७ मध्येच बंदी घातली, ती याचसाठी.

म्हणून संशोधक अशा गोष्टीच्या मागे आहेत जी रंग दुसरीकडे न हलवता जागेवरच तोडेल आणि शक्यतो त्याचं पार पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करेल.

### उजेड रंग तोडतो म्हणजे नेमकं काय करतो?

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील किरण पडले की त्याच्या जोरावर पाण्याचं विघटन होतं. हा पदार्थ आपल्या घरातही आहे, पांढऱ्या ऑइलपेंटचा पांढरेपणा त्याचाच. उजेड पडल्यावर रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या आणि स्वतः न संपणाऱ्या अशा पदार्थाला फोटोकॅटॅलिस्ट म्हणतात. झिंक ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड, लोहाची ऑक्साइडं हेही त्याच कुळातले. सगळे धातूंचे ऑक्साइड.

आत काय घडतं ते सांगायला आपल्या जुन्या पेठांतलं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर चांगलं उपयोगी पडतं. ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन तळमजल्यावर बसलेले असतात. वर माळवद आहे, मध्ये काही नाही. जिना नाही, पायरी नाही. प्रकाशाच्या एका कणानं इलेक्ट्रॉनला एकाच झेपेत माळवदावर फेकलं तर तो वर पोचतो, नाहीतर तळमजल्यावरच राहतो. अर्ध्यावर थांबायची सोय नाही. टायटॅनियम डायऑक्साइडच्या घराची उंची ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. तेवढी ताकद फक्त ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीच्या किरणांत असते, म्हणजे अतिनील किरणांत. डोळ्यांना दिसणारा उजेड तिथे कमी पडतो.

इलेक्ट्रॉन वर गेला की खाली त्याची जागा रिकामी होते. ही रिकामी जागा फार भुकेली असते. ती शेजारच्या पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि त्यातूनही असेच आक्रमक कण निर्माण होतात. हायड्रॉक्सिल रॅडिकल ओझोनपेक्षाही जास्त जोरानं समोरच्या रेणूचा लचका तोडतो. रंग आहे, औषध आहे की कीटकनाशक, त्याला फरक पडत नाही. मात्र त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकं. म्हणजे रंगाचा रेणू पावडरच्या कणाला अगदी खेटून असला पाहिजे, थोडा लांब असला तरी रॅडिकल वाटेतच विझतो.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकू. काम उजेडाचं आहे, उष्णतेचं नाही. मे महिन्यात पारा ४३ वर गेला म्हणून ही क्रिया जोरात होईल असं नाही. पावडरला पाऱ्याशी देणंघेणं नाही, अतिनील किरण किती पडले याच्याशी आहे.

### मग ग्राफीन कशाला?

माळवदावर गेलेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा तसाच खाली पडतो, आपल्याच रिकाम्या जागेत. ना रॅडिकल तयार होत, ना रंग तुटत, शोषलेल्या उजेडाची थोडी उष्णता होते आणि संपलं. फोटोकॅटॅलिस्टचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे.

जुन्या पेठांत माळवदं एकमेकांना लागून असतात, पोरं एका घरावर चढून चार घरं पलीकडे उतरतात. ग्राफीन म्हणजे ही शेजारची सलग माळवदं. इलेक्ट्रॉन वर आला की ग्राफीनवर पळतो आणि लांब जातो, मूळ जागेत परत पडायची शक्यता कमी होते. खालची रिकामी जागा तोवर आपलं काम उरकते आणि पळालेला इलेक्ट्रॉन दूरवर कुठेतरी ऑक्सिजनला भेटतो.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकाच अणूच्या जाडीचा पत्रा. पेन्सिलीत जे ग्राफाइट असतं ते अशाच पत्र्यांच्या थप्प्यांचं. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीनं ग्राफाइटचे पापुद्रे काढत काढत हा एकेरी थर वेगळा केला, २००४ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हा पत्रा इतका पातळ की हिशेबानं एका ग्रॅमचं क्षेत्रफळ २६३० चौरस मीटर भरतं. आपल्या भाषेत एका ग्रॅमला २६ गुंठे! प्रत्यक्षात पत्रे एकमेकांना चिकटतात, त्यामुळे हाती येतं ते यापेक्षा बरंच कमी, तरीही भरपूर.

एवढ्या जागेचा दुसरा फायदा असा की रंगाचे रेणू तिथे येऊन चिकटतात. रंगांमध्ये कार्बनची सपाट कडी असतात, ग्राफीनमध्येही तशीच, आणि दोघांचं एकमेकांशी जमतं. रॅडिकल क्षणात विझतो हे आपण पाहिलं, म्हणून रंग पावडरजवळ येऊन थांबणं ही निम्मी लढाई असते. ऑक्साइड आणि कार्बन यांच्यात पक्का बंध झाला तर घराची उंचीही किंचित कमी होते आणि थोडा दृश्य उजेड कामी येतो. या फायद्याचा बोलबाला जरा जास्तच होतो असं माझं मत आहे.

धातूच्या ऑक्साइडचे नॅनो आकाराचे कण ग्राफीनच्या पत्र्यावर पेरलेले, अशा या मिश्रणाला नॅनोकंपोझिट म्हणतात. ग्राफीनचं प्रमाण बहुधा वजनाच्या काही टक्केच ठेवतात. जास्त घालून चालत नाही, कारण ग्राफीन काळं असतं. ते उजेड स्वतःच गिळून टाकतं आणि ऑक्साइडपर्यंत काही पोचतच नाही.

### ही पावडर बनते कशी?

चिकटपट्टीनं अर्थातच नाही. प्रयोगशाळेत सुरुवात होते ग्राफीन ऑक्साइडपासून, ते करायची १९५८ मधली हमर्सची पद्धत थोड्या फेरफारानं आजही चालते. ग्राफाइटची भुकटी बर्फात ठेवलेल्या तीव्र सल्फ्युरिक आम्लात घालायची, मग चिमूट चिमूट पोटॅशियम परमँगनेट. घाई केली तर भांडं तापतं आणि प्रकरण हाताबाहेर जातं. मिश्रण हिरवट काळं, दाट होत जातं, पुढे पाणी घातल्यावर तपकिरी होतं. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की क्षणात सगळं लख्ख पिवळं होतं आणि बुडबुडे फुटतात. पहिल्यांदा बघणारा विद्यार्थी एक पाऊल मागे सरतोच.

मग धुणं. आम्ल जाईपर्यंत पुन्हा पुन्हा, अनेक पाण्यांनी. नंतर हे ग्राफीन ऑक्साइड आणि धातूचं क्षार स्टीलच्या जाड कवचातल्या टेफ्लॉनच्या डब्यात बंद करून भट्टीत १२० ते १८० अंशांवर काही तास ठेवतात. डबा उघडला की तपकिरी पाण्याच्या जागी काळसर गाळ असतो. ग्राफीन ऑक्साइडमधला बराचसा ऑक्सिजन निघून गेलेला असतो आणि पत्र्यांवर ऑक्साइडचे कण बसलेले असतात.

मूळ कृतीत १०० ग्रॅम ग्राफाइटला २.३ लिटर सल्फ्युरिक आम्ल आणि ३०० ग्रॅम परमँगनेट लागतं. ते सगळं शेवटी धुण्याच्या पाण्यातून बाहेर येतं, आम्ल आणि मँगनीजसकट. सांडपाणी साफ करायची पावडर करताना असं सांडपाणी निघतं, हे बातमीत कधी नसतं.

### "तासाभरात ९५ टक्के" हे कसं वाचायचं?

बहुतेक प्रयोग मिथिलिन ब्लू या रंगावर होतात. स्वस्त, सहज मिळणारा, मोजायला सोपा. पण सोलापुरातल्या सुताच्या दृष्टीनं तो परका आहे. मिथिलिन ब्लूवर धन विद्युतभार असतो, रिअॅक्टिव्ह रंगांवर ऋण. टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग पीएच साधारण सहा-साडेसहाच्या पुढे गेला की ऋण होतो. म्हणजे मिथिलिन ब्लू आपण होऊन पावडरकडे ओढला जातो, आणि पीएच १० किंवा ११ असलेल्या आपल्या पाण्यातला रिअॅक्टिव्ह रंग पावडरपासून दूर ढकलला जातो. परीक्षेला सोपा पेपर काढल्यासारखं झालं हे.

बरं, गेलेला रंग तुटला की नुसता चिकटला? ग्राफीन रंग ओढून घेतं हे आपण पाहिलंच. म्हणून नीट केलेल्या प्रयोगात भांडं आधी अर्धा तास किंवा जास्त वेळ अंधारात ठेवतात, चिकटायचं तेवढं चिकटू देतात आणि मगच दिवा लावून मोजायला लागतात. हे केलेलं नसेल तर ९५ टक्क्यांतले किती उजेडाचे आणि किती गाळणीचे ते कळत नाही. मिथिलिन ब्लूची आणखी एक खोड म्हणजे तो न तुटताही बिनरंगी रूप घेतो आणि हवा लागली की काही वेळानं पुन्हा निळा होतो.

एका डाय हाऊसच्या मास्तरांशी याबद्दल बोलताना ते म्हणाले, "रंग गेला की सर, मग अजून काय पाहिजे?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण तपासणीला येणाऱ्याला आधी रंगच दिसतो. पण रिअॅक्टिव्ह ब्लॅक ५ हा काळा रंग घ्या. त्याच्या एका रेणूत २६ कार्बन असतात, आणि त्याचा काळेपणा मुख्यतः नायट्रोजनच्या दोन जोड्यांवर टिकलेला असतो. त्या जोड्या तुटल्या की पाणी बिनरंगी दिसतं. पण २६ कार्बन अजून पाण्यातच असतात, तुकड्यांच्या रूपात. ते गेले की नाही हे सीओडी आणि टीओसी या चाचण्या सांगतात. पहिली पाण्यातला माल जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते मोजते, दुसरी उरलेला सेंद्रिय कार्बन. बातमीत फक्त रंगाचा टक्का असेल तर काम निम्मंच सांगितलेलं आहे.

आणि ग्राफीनच पाहिजे का, साधा कोळसा नाही चालणार? ही शंका खुद्द संशोधकांनीच घेतली आहे. टायटॅनियम डायऑक्साइड आणि ग्राफीनचं मिश्रण इतर कार्बनच्या मिश्रणांपेक्षा खरंच वेगळं आहे का, असा थेट प्रश्न विचारणारा शोधनिबंध २०१० मध्येच आला होता. शिवाय पुढे हेही दिसलं की अतिनील उजेडात टायटॅनियम डायऑक्साइड हळूहळू त्या ग्राफीनलाच खात जातं. रॅडिकलला रंगाचा कार्बन आणि ग्राफीनचा कार्बन यात फरक कळत नाही.

### ऊन तर आपल्याकडे उदंड आहे!

आहे, पण त्यातलं कामाचं किती? सोलापुरात वर्षाच्या सरासरीनं एका चौरस मीटरवर दिवसाला पाच-साडेपाच युनिट ऊर्जा उन्हातून पडते. वीजबिलात असतं तेच युनिट. त्यात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के, म्हणजे पाव युनिट.

आता कागदावर हिशेब करू. जैविक टाकीतून बाहेर पडलेल्या पाण्याचा सीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि पडलेल्या १०० अतिनील कणांपैकी ५ कणांनी प्रत्यक्ष काम केलं असं धरा. सगळा सीओडी जाळायचा म्हटलं तर एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ लिटर पाणी साफ होतं. रोज एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर पाणी सोडणाऱ्या डाय हाऊसला २० हजार चौरस मीटर लागतील. पाच एकर! ग्राफीननं वेग दुप्पट केला असं मानलं तरी अडीच एकर. एमआयडीसीत एवढी जागा कुणाकडे आहे?

हाच हिशेब फक्त रंग तोडण्यापुरता करून बघा. त्याच पाण्यात उरलेला रंग असतो समजा लिटरला २० मिलिग्रॅम. रेणू वजनदार, त्यामुळे संख्येनं थोडे. एकेका रेणूला दहा दहा फटके लागतील असं धरलं तरी काम शंभर पटींनी कमी होतं. पाच एकरांची जागा दोन गुंठ्यांवर येते. मीठ, पीएच, ढगाळ दिवस यांच्यापायी ती चार-पाच पट वाढवा, तरी दहा गुंठे. एवढं तर शेडचं छप्परच असतं.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म याच फरकात आहे. ही पावडर सगळं पाणी साफ करायला आणायची नाही. जिवाणूंना न तुटणारा रंगाचा सांगाडा फोडण्यापुरतंच तिचं काम. फोडलेले तुकडे पुष्कळदा जिवाणूंना खाता येतात, आणि जिवाणू पगार मागत नाहीत. पहिल्या टाकीचं गडद पाणी तिच्यापुढे कधीच ठेवू नये, त्यात उजेड आतच शिरत नाही, वरच्या थरातला रंगच तो शोषून घेतो. आधी गाळ बसवायचा, पीएच सहाच्या खाली आणायचा, पाणी फिकं करायचं, आणि मग ते उन्हात पातळ थरानं वाहू द्यायचं.

### पावडर पाण्यातून परत कशी काढायची?

प्रयोगशाळेत एका लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पावडर घालतात. लाख लिटरला ग्रॅमच्या हिशेबानं १०० किलो. नॅनो आकाराचे कण लवकर खाली बसत नाहीत आणि साध्या गाळणीतून निसटतात. प्रत्येक फेरीत दोन टक्के जरी निसटले तरी रोज दोन किलो पावडर नाल्यात. ती पुढे जाणार सीना नदीकडे, आणि सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते.

यावर लोहचुंबकाचा उपाय सांगतात. पावडरमध्ये मॅग्नेटाइट किंवा फेराइट मिसळायचं आणि चुंबकानं ओढून घ्यायचं. बघायला फार छान, बाटलीच्या कडेला चुंबक धरला की काळी भुकटी सरसर भिंतीला गोळा होते आणि पाणी मोकळं होतं. बाटलीत. मोठ्या टाकीत तेवढं चुंबकीय बळ उभं करणं महाग पडतं, आणि लोह थेट टायटॅनियम डायऑक्साइडला चिकटलेलं असेल तर त्याची कार्यक्षमता उतरते.

मला पटतो तो दुसरा मार्ग, पावडर काचेवर किंवा सिरॅमिकवर पक्की बसवायची. पृष्ठभाग कमी मिळतो, वेग कमी होतो, पण मागे धावावं लागत नाही. टॉवेलच्या कापडावरच बसवली तर काय, असं सोलापुरात कुणीतरी विचारणारच. बसेल, पण ती हळूहळू टॉवेलही खाईल, सूत म्हणजे शेवटी कार्बनच.

नॅनो कणांच्या विषारीपणाची भीती अगदीच अवास्तव नाही, पण ती पदार्थागणिक वेगळी आहे. टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. झिंक ऑक्साइड मात्र आम्लात विरघळतं, तीव्र अल्कलीत विरघळतं आणि उजेडात झिजतंही, आणि सुटलेलं झिंक माशांना घातक असतं. शोधनिबंधांत झिंक ऑक्साइड फार लोकप्रिय आहे, करायला सोपं म्हणून. डाय हाऊसच्या पाण्यासाठी मी ते यादीतून आधी काढीन.

### आणि मिठाचं काय?

काहीच नाही. मीठ तुटत नाही. क्लोराइडचा जळून कार्बन डायऑक्साइड होत नाही. उलट क्लोराइड आणि सोड्यातले कार्बोनेट रॅडिकल गिळतात, म्हणजे मीठ या प्रक्रियेला आतून पोखरतं.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार कापड उद्योगाच्या सांडपाण्यात रंग १५० एककांच्या आत, सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, २१०० मिलिग्रॅमच्या आत हवेत. पहिल्या दोन आकड्यांना फोटोकॅटॅलिस्ट हातभार लावू शकतो. तिसऱ्याला नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं शेकडो रंगणी कारखाने बंद झाले होते. तिथे नंतर सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची जी व्यवस्था उभी राहिली, ती आरओ आणि पाणी आटवणाऱ्या यंत्रांवर चालते, विजेचा आणि इंधनाचा भरमसाट खर्च करून. आरओच्या पडद्यांना सेंद्रिय माल चोंदवतो. तो आधी फोडला तर पडदे जास्त टिकतील, इथपर्यंत फोटोकॅटॅलिस्टची मदत मान्य. त्यापलीकडे मिठावर उपाय एकच, ते टाकीत कमी पडेल असे रंग आणि अशा पद्धती वापरणं.

### मग सोलापुरात आज काय करता येईल?

हे तंत्र निव्वळ प्रयोगशाळेतलं आहे असंही नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेली, उन्हात स्वतःला साफ करणारी खिडकीची काच बाजारात मिळते. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर केंद्रात उन्हावर पाणी शुद्ध करायचे मोठे प्रयोग अनेक वर्षं चालू आहेत. अडलंय ते रोज बदलणाऱ्या, खाऱ्या, अल्कलीयुक्त पाण्यावर कुणी चिकाटीनं आकडे गोळा करण्यावर.

त्याला फार मोठं भांडवल लागत नाही. एखाद्या डाय हाऊसच्या छपरावर दोन उतरते ट्रे ठेवायचे, एकात नुसतं टायटॅनियम डायऑक्साइड बसवलेल्या काचा, दुसऱ्यात ग्राफीन मिसळलेलं. ईटीपीच्या शेवटच्या टाकीतलं खरं पाणी, पीएच उतरवून, दोन्हींवरून पातळ सोडायचं. रंग, सीओडी, टीओसी आणि थर किती झिजला हे दर आठवड्याला मोजायचं, मे महिन्यात, श्रावणातल्या ढगाळ दिवसांत आणि डिसेंबरच्या तिरप्या उन्हातही. विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मिथिलिन ब्लूच्या आणखी एका आलेखापेक्षा यातून जास्त शिकायला मिळेल. आणि वर्षअखेरीला दुसऱ्या ट्रेनं पहिल्यापेक्षा किती जास्त पाणी काढलं तो आकडा ग्राफीनच्या किमतीशेजारी मांडला, की कारखानदाराला निर्णय घ्यायला शोधनिबंध वाचावा लागणार नाही.